निचरा नसलेले पाणी : बंदिस्त समुद्राची पातळी आणि त्यातले अभिसरण

ज्या पाण्याला महासागराकडे जाणारी वाट नाही, त्याची पातळी हवामान ठरवते. नदीने आणलेले आणि आभाळातून पडलेले पाणी ही त्याची जमा, उन्हावाऱ्याने उडवून नेलेले पाणी हा त्याचा खर्च. या दोहोंत जो फरक उरेल, तेवढी पातळी चढते किंवा उतरते. महासागराला जोडलेल्या आखातात असा फरक टिकत नाही; कमी पडलेले पाणी बाहेरून येते, जास्त झालेले बाहेर जाते. कॅस्पियन, अरल, मृत समुद्र, राजस्थानातले सांभर, बुलढाणा जिल्ह्यातले लोणार यांना ही सोय नाही. त्यांच्यात दुष्काळ साठतो, अतिवृष्टीही साठते, आणि त्यांचे गणित मांडणाऱ्याची चूकसुद्धा साठत जाते. या विषयाची सगळी अवघड बाजू या शेवटच्या गोष्टीत आहे.

महाराष्ट्रात कायमचा बंदिस्त म्हणावा असा ठळक नैसर्गिक जलाशय एकच, लोणार. पण वर्षातले आठ महिने बंदिस्त होणारे जलाशय मराठवाड्यात जागोजाग आहेत. धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यात, पुणे–सोलापूर–हैदराबाद महामार्गावर नळदुर्ग मागे टाकले की जळकोट लागते. या पट्ट्यातली मुख्य नदी बोरी. ती भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. म्हणजे नकाशावर हे खोरे उघडे आहे. व्यवहारात मात्र नळदुर्गजवळच्या बोरी धरणाचा सांडवा वाहायचा थांबला, किल्ल्यातले नर-मादी धबधबे कोरडे पडले, की वरच्या जलाशयाचे उपसागराशी नाते तुटते. पुढच्या मृगापर्यंत तिथे जमा जवळपास शून्य आणि खर्च रोजचा. पाऊस हुकलेल्या वर्षी तर सांडवा वाहतच नाही आणि जलाशय सलग दोन-दोन वर्षे बंदिस्त राहतो. त्यामुळे कॅस्पियनसाठी तयार झालेले गणित जळकोटच्या वाचकाला वाटते तितके परके नाही. आकार लाखो पटींनी वेगळा असला, तरी मांडणी तीच आहे.

मांडणीचा पहिला भाग ताळेबंदाचा. ठरावीक काळात साठ्यात झालेला बदल म्हणजे पाऊस, नद्यानाल्यांचा येवा आणि भूजलाची आवक यांच्या बेरजेतून बाष्पीभवन, पाझर आणि उपसा वजा केल्यावर उरणारी रक्कम. कॅस्पियनचे आकडे या रीतीने मांडले तर फार बोलके ठरतात. त्याचे क्षेत्र सुमारे ३,७०,००० चौरस किलोमीटर. त्याला मिळणाऱ्या सगळ्या नद्या मिळून वर्षाला साधारण ३०० घन किलोमीटर पाणी आणतात, आणि त्यातला सुमारे चार पंचमांश वाटा एकट्या व्होल्गाचा. हे पाणी समुद्रभर सारखे पसरले तर जाडी भरते सुमारे ८० सेंटिमीटर. पाऊस आणखी २० सेंटिमीटरच्या आसपास देतो. बाष्पीभवन वर्षाला एक मीटरच्या जवळपास नेते. म्हणजे मीटरभर जमा, मीटरभर खर्च, आणि पातळीची सगळी हालचाल या दोन मोठ्या आकड्यांतल्या किरकोळ फरकावर चालते. बाष्पीभवन मोजताना दहा टक्के चूक झाली, तर वर्षाला १० सेंटिमीटर आणि दहा वर्षांत एक मीटर पातळी कागदावर उगाच चढेल किंवा उतरेल. उघड्या समुद्राच्या गणिती प्रारूपात असली चूक दिसतही नाही.

ताळेबंद साठ्याचा असतो, मोजपट्टी मात्र पातळी दाखवते. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे पात्राचा आकार : कोणत्या पातळीला किती क्षेत्र पाण्याखाली येते, याचा तक्ता. पाटबंधारे खात्यात प्रत्येक धरणाचा असा तक्ता असतो आणि मोजपट्टीवरचा आकडा पाहून त्यावरूनच किती दशलक्ष घनमीटर पाणी आहे ते सांगितले जाते. बंदिस्त पाण्यात या तक्त्याला आणखी एक महत्त्व आहे. पातळी चढली की पाणी पसरते, क्षेत्र वाढते, म्हणून बाष्पीभवनाचे एकूण पाणीही वाढते आणि चढ थांबतो. पातळी उतरली की क्षेत्र आक्रसते, खर्च घटतो, उतार मंदावतो. बंदिस्त जलाशयाला स्थिर ठेवणारी शक्ती हीच, आणि ती काठाच्या उतारावर अवलंबून आहे. उत्तर कॅस्पियनचा तळ इतका सपाट, की सरासरी खोली जेमतेम पाच मीटर. तिथे पातळी थोडी बदलली तरी किनारा कित्येक किलोमीटर सरकतो. लोणारच्या विवराच्या भिंती उभ्या आहेत. तिथे पाणी चढले तरी क्षेत्र फारसे वाढत नाही, त्यामुळे चढाला आवर कमी आणि पातळीचे हेलकावे मोठे.

बाष्पीभवनाचा हिशेब नद्यांच्या येव्याशी ताडून पाहण्याचा पहिला गंभीर प्रयत्न एडमंड हॅलेचा. धूमकेतूमुळे प्रसिद्ध झालेल्या या खगोलज्ञाने १६८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, खारट पाण्याची थाळी तापवून तिचे वजन किती घटते ते मोजले आणि त्यावरून भूमध्य समुद्रातून दिवसाला किती पाणी उडत असावे याचा अंदाज बांधला. त्याच्या हिशेबात नद्यांची आवक बाष्पीभवनाच्या जेमतेम एक तृतीयांश भरली. १७१५ मध्ये त्याने याहून धीट सूचना केली. ज्या सरोवरातून नदी बाहेर पडत नाही, त्यात मीठ साठतच राहते. तेव्हा खारटपणा किती वाढतो ते मोजत गेले तर सरोवराचे वय काढता येईल. वय काढण्याची ही रीत पुढे टिकली नाही, कारण मीठ तळाशी बसते, स्फटिक बनते, वाऱ्याबरोबर उडूनही जाते. पण पाण्याच्या ताळेबंदाला मिठाचा दुसरा ताळेबंद जोडला पाहिजे हा विचार तेव्हापासून पक्का झाला, आणि आजच्या प्रत्येक चांगल्या प्रारूपात ही दोन्ही गणिते शेजारी शेजारी चालतात.

ऋतूचा प्रश्न आला की वर्षाची बेरीज पुरत नाही. कोणता आकडा कोणत्या महिन्यात पडतो हे महत्त्वाचे ठरते. रशियाच्या मैदानातले बर्फ वितळून व्होल्गाला एप्रिल ते जूनमध्ये पूर येतो. तोवर कॅस्पियनचे पाणी पुरते तापलेले नसते, म्हणून खर्च कमी असतो. साहजिकच पातळी जून-जुलैत सर्वांत वर जाते. पुढे पूर ओसरतो, पाणी तापते, बाष्पीभवन उन्हाळ्याच्या उत्तरार्धात आणि शरदात भर घेते आणि हिवाळ्यात पातळी तळ गाठते. या चढउताराचा पल्ला साधारण ३० सेंटिमीटर. मराठवाड्यात क्रम वेगळा आहे. इथे खर्चाचा कळस एप्रिल-मेमध्ये, जमेचा जुलै ते सप्टेंबरमध्ये, आणि धाराशिवसारख्या जिल्ह्यात सप्टेंबरचा परतीकडचा पाऊस बरेचदा वर्षाचे भवितव्य ठरवतो. जलाशयाची पातळी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शिगेला जाते आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तळाला. वार्षिक पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, तर उघड्या पाण्यावरून होणारे बाष्पीभवन वर्षाला दीड ते दोन मीटरच्या घरात. म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर पडलेला पाऊस त्याच पृष्ठभागाचा खर्च भागवू शकत नाही. आजूबाजूच्या माळरानावरून वाहून आलेल्या पाण्यावरच जलाशय जगतो.

बाष्पीभवन सगळ्यांत मोठा खर्च, आणि मोजायला सगळ्यांत कठीण. नदीवर मोजणी केंद्र उभारता येते, पावसाला पर्जन्यमापक असतो. समुद्रावरून उडणारी वाफ थेट मोजणारे साधन फार थोड्या ठिकाणी ठेवता येते. जॉन डाल्टनने १८०२ मध्ये दाखवले, की पाण्याच्या पृष्ठभागालगतचा बाष्पदाब आणि वरच्या हवेचा बाष्पदाब यांतला फरक जितका जास्त, तितके बाष्पीभवन जास्त, आणि वारा ते आणखी वाढवतो. हॉवर्ड पेनमनने १९४८ मध्ये यात सूर्यापासून मिळणाऱ्या उष्णतेचा हिशेब मिसळला आणि साध्या वेधशाळेच्या नोंदींवरून बाष्पीभवन काढण्याचे सूत्र दिले. धरणांवर पत्र्याचे बाष्पीभवनपात्र ठेवून रोज सकाळी पाणी किती उतरले ते पाहतात. पण उन्हात पत्रा तापतो, म्हणून पात्रातले पाणी जलाशयापेक्षा लवकर उडते. मिळालेला आकडा साधारण ०.७ ने गुणून वापरण्याची प्रथा आहे. हा गुणक सर्व ऋतूंत सारखा नसतो, हे तो वापरणाऱ्यांनाही ठाऊक असते. वर्षाच्या बेरजेला तो चालतो. महिन्याच्या हिशेबाला तो दगा देतो.

डाल्टनच्या नियमात पाण्याच्या पृष्ठभागाचे तापमान बसलेले आहे, आणि ताळेबंदाचा धागा अभिसरणाला, म्हणजे समुद्रातल्या पाण्याच्या फिरण्याला, इथेच जोडला जातो. पृष्ठभाग किती तापेल हे केवळ उन्हावर ठरत नाही. वरचे ऊन पाणी खाली किती खोल मिसळते, खालचे गार पाणी कुठे वर येते, कोणत्या किनाऱ्याने कोणता प्रवाह वाहतो, यावर ते ठरते. कॅस्पियनचे मधले खोरे जास्तीत जास्त ७८८ मीटर आणि दक्षिणेचे १,०२५ मीटर खोल आहे. एवढे पाणी उन्हाळाभर उष्णता पोटात घेते आणि शरदात-हिवाळ्यात ती हळूहळू सोडते, म्हणून तिथे ऊन कमी झाल्यावरही बाष्पीभवन जोरात चालते. पाच मीटरचा उत्तर भाग चटकन तापतो, चटकन निवतो आणि थंडीत गोठतोही. बर्फ जमला की त्याखालचे पाणी उडणे जवळपास बंद. एकाच समुद्रात खर्चाची अशी दोन-तीन निरनिराळी वेळापत्रके असतात. त्यामुळे सगळ्या समुद्राला एकच तापमान धरून केलेला हिशेब वर्षाला कदाचित बरोबर येईल, पण महिन्यांची वाटणी चुकवेल.

अभिसरण चालवणाऱ्या शक्ती मोजक्या आहेत. वारा पृष्ठभाग ओढतो. पाणी कुठे गोडे, कुठे खारे, कुठे गार, कुठे ऊन असल्याने घनता बदलते आणि जड पाणी हलक्याखाली सरकते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वाहते पाणी उजवीकडे वळते. कॅस्पियनच्या मध्य आणि दक्षिण खोऱ्यांत या सगळ्यांतून घड्याळाच्या उलट दिशेने फिरणारी मोठी वर्तुळे तयार होतात. व्होल्गाचे गोडे पाणी पश्चिम किनाऱ्याला धरून दक्षिणेकडे उतरते. उन्हाळ्यात मध्य कॅस्पियनवर उत्तरेकडचे वारे सुटतात आणि पूर्व किनाऱ्यावरचे पाणी समुद्राकडे ढकलले जाते. त्याची जागा घ्यायला खालचे गार पाणी वर येते, आणि जुलै-ऑगस्टच्या भर उन्हात कझाकस्तानच्या किनाऱ्यालगत शेजारच्या पाण्यापेक्षा कितीतरी गार पट्टा दिसतो. त्या पट्ट्यावरून उडणारे पाणी कमी. म्हणजे वाऱ्याने प्रवाह घडवला, प्रवाहाने तापमान बदलले, तापमानाने बाष्पीभवन आणि बाष्पीभवनाने पातळी. पातळीचे प्रारूप अभिसरणापासून तोडून केले तर साखळीतली मधली कडीच गळते.

वारा पातळीवर थेटही परिणाम करतो. वाऱ्याच्या दिशेला पाणी ढकलले जाऊन एका काठाला चढते, दुसऱ्या काठाला उतरते. हा चढ पाण्याची लांबी वाढली की वाढतो आणि खोली वाढली की घटतो. सेकंदाला दहा मीटर वेगाचा वारा धरला, तर पाच मीटर खोल आणि ३०० किलोमीटर लांब पाण्यावर, म्हणजे ढोबळमानाने उत्तर कॅस्पियनवर, हा फरक ९० सेंटिमीटरच्या आसपास येतो. वादळात वारा दुप्पट झाला तर तो चौपटीच्या घरात जातो. तोच दहा मीटरचा वारा, तीच पाच मीटर खोली, पण लांबी लोणारइतकी, सव्वा किलोमीटर : फरक चार मिलिमीटर. एकच सूत्र दोन्हींकडे लागू असूनही एकीकडे गावे बुडतात आणि दुसरीकडे मोजपट्टीला कळतही नाही. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणामही लोणारसारख्या लहान पाण्यात नगण्य असतो. तिथे अभिसरण म्हणजे मुख्यतः दुपारच्या वाऱ्याने होणारी ढवळाढवळ, रात्री वरचा थर निवून खाली बसणे, आणि खारटपणामुळे थरांत पडलेला फरक.

हे सगळे संगणकावर मांडताना समुद्राचे आडवे चौकोन आणि उभे थर पाडतात. प्रत्येक घरात वेग, तापमान, क्षारता आणि सगळ्यांत वरच्या थरात पाण्याची उंची, असे आकडे ठेवून काळ थोडा थोडा पुढे ढकलतात. घर लहान केले की काळाचा टप्पाही लहान करावा लागतो, नाहीतर लाट एका टप्प्यात घर ओलांडून जाते आणि गणित फुटते. कर्क ब्रायन यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या पद्धतीवर महासागराची प्रारूपे कितीतरी वर्षे चालली. तिच्यात वेळ वाचवण्यासाठी समुद्राच्या पृष्ठभागावर जणू ताठ झाकण आहे असे धरले होते. लाटा नाहीशा झाल्या, टप्पे मोठे घेता आले. महासागराला ते चालून गेले, पण बंदिस्त समुद्राला ते मुळातच गैरलागू, कारण झाकण धरले की पाण्याचे आकारमान बदलतच नाही. नदीचे पाणी आले म्हणजे तिथली क्षारता थोडी कमी करायची, एवढाच उपाय उरतो. ज्या राशीसाठी खटाटोप, तीच राशी अशा प्रारूपात जन्मतः शून्य. १९८७ मध्ये ब्लुमबर्ग आणि मेलर यांनी वर्णन केलेल्या प्रिन्स्टन प्रारूपात पृष्ठभाग मोकळा होता, उभे थर तळाच्या चढउतारानुसार वळत होते आणि लाटांचे जलद गणित खोल प्रवाहांच्या संथ गणितापासून वेगळे चालत होते. उथळ आणि खोल असे दोन्ही भाग असलेल्या समुद्रांना ही दिशा सोयीची ठरली.

कॅस्पियनपुरते बोलायचे तर राशित इब्रायेव आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ‘ओशन सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेले काम या विषयाची चांगली ओळख करून देते. त्यात त्रिमित अभिसरण, पातळी आणि हवा-पाण्यातली देवघेव यांचा ऋतुक्रम एकत्र काढला आहे. बाष्पीभवन बाहेरून आणून बसवलेले नाही. ते प्रारूपाने स्वतः काढलेल्या पृष्ठभागाच्या तापमानावरून निघते. पातळीचा वार्षिक चढउतार बरोबर निघाला की नाही, ही मग साऱ्या प्रारूपाची परीक्षा होते, आणि ती कडक आहे. दिवसाला एक मिलिमीटर चूक, म्हणजे पर्जन्यमापकाच्या हिशेबात नगण्य रक्कम, वर्षाला ३६ सेंटिमीटर होते : ऋतूच्या संपूर्ण चढउताराहून जास्त. बाकूच्या किनाऱ्यावर १८३७ पासून पातळीच्या उपकरणी नोंदी आहेत, आणि १९९२ मध्ये सोडलेल्या टोपेक्स-पोसायडन उपग्रहापासून पाण्याची उंची आकाशातूनही मोजली जाते. परीक्षेचा पेपर त्यामुळे चांगला लांबलचक आहे.

त्या नोंदी पाहिल्या तर ऋतूच्या ३० सेंटिमीटरवर दशकांची मोठी हालचाल बसलेली दिसते. १९२९ ते १९७७ या काळात कॅस्पियन सुमारे तीन मीटर उतरला. तो आटतच जाणार असे मानून सोव्हिएत सरकारने पूर्वेच्या कारा-बोगाझ-गोल या आखाताचे तोंड १९८० मध्ये बांध घालून बंद केले. सुमारे १८,००० चौरस किलोमीटरचे हे उथळ आखात मूळ समुद्राचे पाणी ओढून घेते आणि उन्हात उडवते, तेव्हा ते तोडले तर तेवढे पाणी वाचेल, असा तर्क. तर्कात चूक नव्हती, वेळेत होती. पातळी १९७८ पासूनच चढू लागली होती. आखात काही वर्षांत कोरडे पडून मिठाचे मैदान झाले, समुद्र मात्र १९९५ पर्यंत अडीच मीटरच्या आसपास चढला आणि किनाऱ्यावरची वस्ती पाण्यात गेली. १९९२ मध्ये बांध फोडावा लागला. त्यानंतर १९९६ पासून पुन्हा उतार लागला, तो अजून चालू आहे. या शतकाअखेर पातळी ९ ते १८ मीटरने खाली जाईल असा अंदाज २०२० मध्ये एका शोधनिबंधात मांडला गेला. त्यात मुख्य कारण वाढत्या तापमानाबरोबर वाढणारे बाष्पीभवन हे आहे. अरलची गोष्ट वेगळी. तिथे आमू दर्या आणि सिर दर्या यांचे पाणी कापसाच्या शेतीकडे वळवल्याने जमेची बाजूच कोसळली. असा समुद्र समजायला प्रारूपाची गरज नव्हती, साधी वजाबाकी पुरेशी होती.

लोणारच्या बाबतीत अडचण दुसरीच आहे. बेसाल्ट खडकात उल्का आदळून झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे. आत उतरलेले पाणी खारे आणि तीव्र अल्कधर्मी, बाहेर जायला ओढा नाही. धार या झऱ्याचे आणि इतर झऱ्यांचे गोडे पाणी बारमाही आत येते, पावसाळ्यात विवराच्या उतारावरून लोंढे येतात. बेसाल्टच्या थरांमधल्या फटींतून किती पाणी आत शिरते आणि किती बाहेर पाझरते, हा ताळेबंदातला अंधारा कोपरा. वरच्या पठारावरच्या विहिरी-बोअरचा उपसा, पाझर तलाव, शेतीचे सिंचन, सगळ्यांचा परिणाम या एका राशीवर होतो. कॅस्पियनमध्ये भूजल हा किरकोळ आकडा. लोणारमध्ये तो चुकला तर काहीच जुळत नाही. इथे मिठाचा ताळेबंद उपयोगी पडतो, कारण बाष्पीभवन मीठ मागे ठेवते आणि पाझर ते बरोबर नेतो. पाणी घटून क्षार वाढले की खर्च उन्हाचा, पाणी घटूनही क्षारता फारशी वाढली नाही तर खर्च पाझराचा. अतिखाऱ्या पाण्याचा बाष्पदाब गोड्या पाण्याहून कमी असल्याने ते थोडे सावकाश उडते, ही दुरुस्तीही विसरून चालत नाही.

जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले तेव्हा बातम्या रंगाच्या झाल्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत तो रंग क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांचा निघाला : पाणी आटून क्षारता वाढल्यावर वाढणारे जीव. म्हणजे रंग हे मिठाच्या ताळेबंदाचेच डोळ्यांना दिसणारे रूप होते. पुढच्या वर्षांत उलटे घडले आणि पाणी चढत काठावरच्या कमळजादेवीच्या देवळापर्यंत गेले. पाच-सहा वर्षांत दोन्ही टोके गाठणारी ही पातळी उभ्या भिंतींच्या पात्राचा स्वभाव दाखवते. याहून लांबचा इतिहास तळाच्या गाळात आहे. सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा नमुना काढून केलेल्या अभ्यासात, ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी आणि पुन्हा २,००० ते ६०० वर्षांपूर्वी दीर्घ कोरडे काळ आढळले. पाणी खूप आटल्यावरच बनणारे गेलुसाइटचे स्फटिक त्याचे साक्षीदार. मोजपट्टीची नोंद जिथे संपते, तिथून मागे प्रारूपाची परीक्षा अशा गाळावर घ्यावी लागते.

बोरीसारख्या जलाशयासाठी यातले किती घ्यायचे? किल्ल्यात, नदी अडवणाऱ्या बंधाऱ्याच्या पोटातच महाल बांधणाऱ्या नळदुर्गच्या, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातल्या कारागिरांना पुराचे पाणी किती चढेल याचा पक्का अंदाज असणार. इतकी शतके ते पाणी महालावरून जाते आणि महाल उभा आहे. आजचा प्रश्न पुराइतकाच उन्हाळ्याचा आहे. ऑक्टोबर ते जून या काळात एक मीटरहून जास्त पाणी नुसते उडते, आणि ते थांबवण्याचा स्वस्त उपाय नाही. पाणी ओसरेल तसा उघडा पडणारा काठ गाळपेरीला जातो, म्हणजे ऋतूबरोबर सरकणारा किनारा शेतकऱ्याच्या पेरणीत उतरतो. तुळजापूर, नळदुर्ग यांसारख्या गावांच्या नळयोजनांचा उपसा, परवानगीचे आणि बिनपरवानगीचे मोटारपंप, आणि काळ्या मातीचा दरवर्षी येणारा गाळ, ही इथल्या ताळेबंदाची खास कलमे. गाळाने पातळी-क्षेत्राचा तक्ताच जुना होतो. पंचवीस वर्षांपूर्वीच्या तक्त्यावरून काढलेला साठा कागदावर जास्त आणि धरणात कमी असतो.

अशा जलाशयासाठी पहिली पायरी नुसत्या ताळेबंदाची. रोजची मोजपट्टी, जवळचा पर्जन्यमापक, बाष्पीभवनपात्र आणि उपशाची नोंद एवढ्यावर महिन्यावार हिशेब जुळवता येतो. क्षेत्र सेंटिनेल-२ सारख्या उपग्रहाच्या चित्रांवरून दर काही दिवसांनी मोजता येते, आणि त्याच चित्रांतून उतरत्या पाण्याचे काठ जोडत गेले की गाळ साचल्यानंतरचा नवा तक्ताही हाती येतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी चार वेळा मोजते. पाझर कोणत्या दिशेला चालला आहे ते त्यावरून कळते. पाऊस नाही, सांडवा बंद, उपसा माहीत, असे फेब्रुवारी-मार्चचे पंधरा-वीस दिवस निवडले तर उरलेली घट बाष्पीभवन आणि पाझर यांचीच असते. पेनमनच्या सूत्राने पहिले काढले की दुसरे आपोआप मिळते. दुसरी पायरी उभ्या थरांची : एकाच जागी खोलीनुसार तापमान काढणारे एकमितीय प्रारूप, म्हणजे एप्रिलच्या तापलेल्या पृष्ठभागावरून किती पाणी उडते ते नीट कळेल. त्रिमित अभिसरणाचे प्रारूप, ज्याच्याशिवाय कॅस्पियनमध्ये पाऊल टाकता येत नाही, ते इथे पातळीसाठी लागत नाही. प्रश्न पाण्याच्या जागेचा असेल तेव्हाच ते उघडावे : नळयोजनेच्या जॅकवेलपाशी वारा शेवाळ कधी आणून लोटतो, गाळाचे पाणी पहिल्या पुरात कोणत्या काठाने पुढे सरकते, किंवा उन्हाळ्यात तळाचे प्राणवायू संपलेले पाणी वर कधी मिसळते.